चार वर्षांपुरत्या फौजीला मुलगी कोण देणार, मंत्रीमहोदय?

माननीय संरक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. धाकटा भाऊ अग्निवीर आहे. गेल्या रविवारी त्याची सोयरीक मोडली. पाहुण्यांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "चार वर्सं झाल्यावर पोरगं काय करतंय मग?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रिंगटोन देशभक्तीची! हेच गृहस्थ मागल्या महिन्यात बेळगावच्या टॉकीजमध्ये माझ्या पुढच्या रांगेत, पडद्यावरचा जवान पडला तेव्हा डोळे पुसत होते.

पडद्यावर बरं असतं. जवान एकतर शहीद होतो, नाहीतर मेडल घेतो. पंचविशीच्या आत ट्रंक घेऊन खानापूर स्टँडवर उतरत नाही.

तुमचा हिशेब मला पाठ आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस कायम, बाकीच्यांना ११.७१ लाख आणि रामराम. पेन्शन नाही. त्या लाखांतही जवळपास निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. वा!

खरं दुखणं माझं आहे, लपवत नाही. सैन्यभरतीत माझं ग्राउंड, म्हणजे पळण्याची परीक्षा, झालं होतं, मेडिकलही पास. लेखीची वाट बघत राहिलो, मध्ये कोविड, मग नवी योजना, आणि जुनी भरती रद्द. वयही उलटलं. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचो, तेव्हा गल्ली "फौजी आला" म्हणायची. आता म्हणते, "अजून घरातच हाईस काय?" या गल्लीत चाळीसेक घरं आणि बावीस फौजी, एखादा इकडेतिकडे. आमचे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते. आजीच्या पेन्शनवर घरात अजून किराणा येतो.

तक्रार तरी कुठे करायची? बेंगळूर म्हणतं, कन्नडात लिहून आणा. मुंबई म्हणते, सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, थांबा. दिल्लीत हे पत्र वाचणारा मिळाला तर नशीब. मरायला निघालो की मात्र भाषा कुणाला आडवी येत नाही, तिथे "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" चालतं.

भाऊ सुट्टीवर येतोय. सोयरीक मोडल्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही. तो पंचविसांत आहे की पंचाहत्तरांत, एवढा एक कागद पाठवा. पुढच्या पाहुण्यांना दाखवता येईल.

आपला,
मेडिकल पास, भरती रद्द