पानगळीचे छायाचित्रण आणि रानातील मुक्काम

मा. संपादक महोदय,

सुटीच्या दिवशी वेरूळ, दौलताबाद किंवा म्हैसमाळ येथे निवांतपणे कॅमेरा लावायलाही जागा मिळत नाही. त्यामुळे मराठवाड्यातील हौशी छायाचित्रकार तंबू घेऊन गौताळा अभयारण्य आणि किनवटच्या जंगलांकडे वळत असतील, तर त्यांचे स्वागतच करायला हवे. पानगळीचे रंग टिपण्यासाठी काश्मीरच गाठावे लागते असे नाही. तिकडे दिवस लहान होऊन थंडी वाढली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिनार रंगतो. आपल्याकडे जमिनीतील ओल आटू लागली की साग, सालई पाने टाकतात. म्हणून आपला हंगाम माघ-फाल्गुनाचा, आणि तो सरता सरता पळस फुलतो, मोहाला तांबूस पालवी फुटते.

सागाच्या किडीने खाल्लेल्या पानात शिरांची तेवढी जाळी उरलेली असते. असे पान कॅमेरा आणि उगवते ऊन यांच्या मध्ये आले, की एकेक शीर तांब्याच्या तारेसारखी उजळते. ऊन वर चढले की हे सारे फिके पडते. पहाटेच तेथे असावे लागते, म्हणून जंगलालगत मुक्कामाची गरज आहे. तो हौसेचा भाग नाही.

चिंता आहे ती शेकोटीची. वन विभागाचा वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, म्हणजे नेमका याच दिवसांत. त्या वेळी सागाच्या वाळलेल्या पाचोळ्याचा जमिनीवर जाड थर असतो आणि वाऱ्याने उडालेली एक ठिणगी डोंगराचा उतार जाळायला पुरते. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहेच; परंतु हद्दीबाहेरच्या माळावरही आग तितक्याच वेगाने पसरते, हे मुक्कामाला येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. स्वयंपाक घरूनच करून आणावा, दशम्या-चटणीवर एक रात्र सहज निघते.

वन विभागाने अभयारण्याच्या हद्दीबाहेर, लगतच्या गावांतील शेतकऱ्यांच्या संमतीने, त्यांच्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मोजक्या तंबूंची सोय करावी, शेकोटीला तेथे पूर्ण बंदी ठेवावी आणि मुक्कामाचे भाडे थेट शेतकऱ्याला मिळू द्यावे. जंगलात छायाचित्रणासाठी लागणारा परवाना तालुक्याच्या ठिकाणी एका दिवसात मिळाला, तर विनापरवाना आत शिरण्याचे कारणही उरणार नाही. येत्या माघापूर्वी गौताळ्याच्या पायथ्याशी, कन्नड तालुक्यात याची सुरुवात व्हावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कन्नड