विदर्भातल्या चित्रकारांना पावसाळ्यात समुद्रकाठी राहू द्यावे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय मंत्रिमहोदय,

मी नागपुरात राहून समुद्राची चित्रे काढतो. हे ऐकल्यावर ‘आपला फुटाळा तलाव काय कमी आहे?’ असे लोक हसून विचारतात, आणि त्यांचे फारसे चुकते असेही नाही, कारण येथून समुद्र पाहायचा तर रात्र विदर्भ एक्सप्रेसमध्ये काढून मुंबई गाठावी लागते आणि तेथून पुन्हा कोकणची गाडी धरावी लागते. तरीही समुद्रचित्र किनाऱ्यावरच पूर्ण व्हावे, असे मुळीच नाही. क्रिमियातील फिओदोसिया या बंदराच्या गावी 1817 साली जन्मलेल्या इव्हान आयवाझोव्स्की यांनी सुमारे सहा हजार चित्रे काढली, त्यांतली बहुतेक स्टुडिओत आणि आठवणीतून. धावती लाट समोर बसून कुंचल्यात पकडता येत नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्या 1850 सालच्या ‘नववी लाट’ या चित्रात उसळलेल्या पाण्याचा माथा आतून उजळल्यासारखा दिसतो. असा उजेड तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवून साधतो, आणि खालचा थर सुकल्याशिवाय वरचा देता येत नाही. ज्याला आपण सगळेच नावे ठेवतो तो नागपूरचा कोरडा उन्हाळा या कामाला फार सोयीचा आहे. दमट हवेत तेच थर चिकट राहतात.

अडचण आहे ती आठवणी साठवण्याची. हिवाळी सहलीत दिसणारा निळा, शांत समुद्र कॅलेंडरवरही असतो. चित्रकाराला हवा असतो जून-जुलैचा, मातकट हिरवा, खडकावरून परतणारा फेस पुढच्या लाटेखाली ओढून नेणारा समुद्र. त्या दिवसांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पर्यटकही कमी असतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या शासकीय विश्रामगृहांत खोली देणे फारसे जड जाऊ नये.

विदर्भातील निवडक चित्रकारांना त्या काळात महिनाभर तेथे राहू द्यावे, प्रवासभाडे द्यावे, आणि त्या रेखाटनांवरून पुढे येथे तयार झालेले एकेक चित्र नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासाठी विकत घ्यावे, एवढीच विनंती आहे. 1863 साली सुरू झालेल्या या अजब बंगल्यात शाळकरी मुले येतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेला नसतो. निवड मात्र चित्रे पाहून चित्रकारांनीच करावी, शिफारसपत्रे पाहून नव्हे. यासाठी नवी इमारत लागणार नाही की नवे महामंडळ. येत्या मे महिन्याआधी आदेश निघाला, तरी पहिली तुकडी याच पावसाळ्यात जाऊ शकेल.

आपला नम्र,
नागपूरचा एक चित्रकार