जाहीर आभारपत्र: तरुण रिसीव्हरचे मोल मापायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

२०२५च्या ऑगस्ट महिन्यात, आमच्या ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगचा ड्राफ्ट तोंडावर आलेला असताना, तुम्ही बेलव्ह्यूच्या तुमच्या घरी मला बसवून घेऊन जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा या तरुण वाइड रिसीव्हरचा (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचा) जो हिशेब मांडून दाखवलात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे की अमेरिकेत नोकरीनिमित्त आलेली आपली अनेक मराठी मुले-मुली अशा लीगमध्ये हौसेने उतरतात, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या तरुण खेळाडूचे मोल कसे ठरवावे हे त्यांना नीट समजावून सांगणारे माणूस सहसा भेटत नाही. मला ते भेटले, आणि तुमची पद्धत त्यांच्यापर्यंत पोहोचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी फुटबॉलमध्ये प्रत्येक जण एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडतो आणि ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यांत जे करतात त्यावर त्याला गुण मिळतात. आमच्या लीगमध्ये रिसीव्हरच्या प्रत्येक झेलाला एक गुण, झेलून कमावलेल्या दर दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, सहा गुण असतात. ड्राफ्टमध्ये आळीपाळीने, फेरीमागून फेरी, खेळाडू निवडले जातात, त्यामुळे एखाद्याला कोणत्या फेरीत घेतले हीच त्याची किंमत ठरते.

मी तुमच्याकडे आलो तो एकच प्रश्न घेऊन: हा मुलगा किती चांगला आहे? तुम्ही प्रश्न ऐकून घेतलात, चौकटीच्या कागदाची वही काढलीत, पट्टीने उभ्या रेघा मारल्यात आणि म्हणालात, “तो चांगला आहे याबद्दल वाद नाही. गेल्या वर्षी या संघात चेंडू कोणाकोणाकडे गेले आणि त्यांतले आता कोण उरले आहेत, ते आधी लिही.” विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्याकडून हा प्रश्न येणे स्वाभाविकच होते. माझ्या दृष्टीने मात्र सगळ्या चर्चेची दिशाच त्या एका वाक्याने बदलली.

आपण आकडे लिहीत गेलो. २०२४च्या हंगामात सिएटल सीहॉक्स या त्याच्या संघाच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, स्मिथ-एन्जिग्बाच्या दिशेने १३७ वेळा चेंडू फेकला होता, म्हणजे त्याला १३७ टार्गेट मिळाले होते. त्यांतून १०० झेल, १,१३० यार्ड आणि ६ टचडाउन झाले. डीके मेटकाफला १०८ आणि टायलर लॉकेटला ७४ टार्गेट होते. २०२५च्या मार्चमध्ये मेटकाफ पिट्सबर्गला गेला आणि लॉकेटला संघाने मोकळे केले, म्हणजे एकूण १८२ टार्गेटची जागा रिकामी झाली. इथे कोणीही हुरळून गेले असते. तुम्ही लगेच दुसरी बाजू मांडलीत. कूपर कपसारखा अनुभवी रिसीव्हर संघात आला होता. क्वार्टरबॅक जीनो स्मिथ जाऊन त्याच्या जागी सॅम डार्नॉल्ड आला होता. आक्रमणाची सूत्रे क्लिंट कुबियाक यांच्याकडे आली होती आणि त्यांच्या पद्धतीत चेंडू घेऊन धावण्यावर भर असतो. फेकच कमी झाल्या तर वाट्याचा टक्का वाढूनही हातात येणारे चेंडू तेवढेच राहू शकतात, हे तुम्ही पाचशे फेकांचे उदाहरण घेऊन समजावलेत: पाचशेचे तीस टक्के म्हणजे दीडशेच, आदल्या वर्षीच्या १३७ पेक्षा जेमतेम तेरा अधिक.

त्यानंतर तुम्ही जे केलेत ते मला सर्वांत मोलाचे वाटते. तुम्ही एकच आकडा सांगायला ठाम नकार दिलात. “एक आकडा सांगणारा माणूस स्वतःची समजूत घालत असतो, आपल्याला पट्टा हवा,” असे म्हणून तुम्ही उतरता, मधला आणि चढता असे तीन अंदाज मांडलेत. आदल्या वर्षी दर शंभर टार्गेटमागे ७३ झेल आणि दर टार्गेटमागे सव्वाआठ यार्ड, हे प्रमाण तिन्ही ठिकाणी कायम धरलेत. उतरत्या अंदाजात ११५ टार्गेट, ८४ झेल, साधारण ९५० यार्ड आणि पाच टचडाउन, म्हणजे जवळपास २०९ गुण. मधल्या अंदाजात दीडशे टार्गेट आणि सात टचडाउन, म्हणजे सुमारे पावणेतीनशे गुण. चढत्या अंदाजात १६५ टार्गेट, १२० झेल आणि नऊ टचडाउन, म्हणजे ३१०च्या आसपास. टचडाउनच्या आकड्याभोवती तुम्ही पेन्सिलीने गोल काढलात, कारण रिसीव्हरच्या कामगिरीत वर्षागणिक सर्वांत जास्त हेलकावे तोच आकडा खातो आणि त्याच्या भरवशावर किंमत मोजू नये, असे तुमचे सांगणे होते.

तरीही एक शंका शिल्लक होती, आणि खरा कस तिथेच लागला. २०२४मध्ये स्मिथ-एन्जिग्बा बहुतेक वेळा स्लॉटमध्ये, म्हणजे कडेचा रिसीव्हर आणि मधली फळी यांच्या दरम्यान, उभा राहत असे. कुबियाक यांच्या रचनेत फुलबॅक किंवा दुसरा टाइट एंड, म्हणजे बचावपटूंना अडवायला मदत करणारा जादा खेळाडू, मैदानात येतो तेव्हा दोनच रिसीव्हर उरतात आणि स्लॉटवाला बाहेर बसतो. तेव्हा हा मुलगा कडेला खेळू शकतो का, यावर सगळे अवलंबून होते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी तुम्ही मला नोव्हेंबर २०२४मधला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धचा सामना पुन्हा पाहायला लावलात. मेटकाफ दुखापतीमुळे त्या दिवशी खेळत नव्हता. सीहॉक्स अतिरिक्त वेळेत २६–२० असे हरले, पण स्मिथ-एन्जिग्बाने सात झेलांत १८० यार्ड आणि दोन टचडाउन केले. झेलाच्या क्षणाकडे पाहूच नकोस, चेंडू निघण्यापूर्वी अकरा नंबरचा खेळाडू कुठे उभा आहे आणि पहिल्या तीन पावलांत समोरच्या बचावपटूचे वजन कोणत्या पायावर गेले आहे तेवढेच पाहा, असे तुम्ही बजावले होते. त्या नजरेने पाहिल्यावर लक्षात आले की बचावपटूचे खांदे वळेपर्यंत हा मुलगा आपला पुढचा बेत कळूच देत नाही. हे कसब स्लॉटपुरते मर्यादित असण्याचे काही कारण दिसत नव्हते.

त्याच्या महाविद्यालयीन काळाचा दाखलाही तुम्ही दिलात. २०२१मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात त्याच्यासोबत गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे होते. हे दोघेही पुढच्या वर्षी एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ महाविद्यालयीन खेळाडू निवडतात, पहिल्याच फेरीत लागोपाठ दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर निवडले गेले. तरी त्या हंगामात सर्वाधिक यार्ड स्मिथ-एन्जिग्बाचे होते, १,६०६. आणि १ जानेवारी २०२२च्या रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात यूटाविरुद्ध त्याने एकट्याने ३४७ यार्ड केले. पुढचे वर्ष मांडीच्या दुखापतीत गेले, व्यावसायिक खेळातले पहिले वर्ष मेटकाफ आणि लॉकेट यांच्या मागे उभे राहून ६२८ यार्डांवर संपले, आणि लोकांनी त्याला सुरक्षित पण मर्यादित असे बिरूद लावून टाकले. चांगल्या सहकाऱ्यांच्या गर्दीतही ज्याच्याकडे चेंडू जातो, त्याला गर्दी ओसरल्यावर कमी लेखू नये, हे तुमचे मत मी तेव्हाच टिपून ठेवले होते.

हंगामपूर्व सामन्यांविषयी तुमचा नियम कडक आहे आणि तो इथे आवर्जून नोंदवतो. ऑगस्टमधले झेल आणि सुटलेले चेंडू मोजायचे नाहीत. मोजायचे ते एवढेच, की पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक मैदानात असताना आपला खेळाडू मैदानात आहे की नाही, आणि दोनच रिसीव्हर उरतात तेव्हाही तो आत राहतो का. जामार चेस या रिसीव्हरचे उदाहरण तुम्ही याचसाठी दिले होतेत. २०२१च्या ऑगस्टमध्ये त्याच्या हातून चेंडू निसटू लागले तेव्हा केवढी ओरड झाली, आणि फँटसी ड्राफ्टमध्ये त्याची किंमत घसरली. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला एनएफएल ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडले होते आणि चेंडू फेकणार होता तो एलएसयू या विद्यापीठातला त्याचा जुना सहकारी जो बरो, या दोन गोष्टींत मात्र काडीचाही फरक पडला नव्हता. त्या हंगामात चेसने ८१ झेल, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले.

पण खेळाडूच्या निवडीचा क्रमांक तुम्ही डोक्यावरही घेतला नाहीत. मार्विन हॅरिसन ज्युनियर २०२४मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, फँटसीत तर त्याला सुरुवातीच्या फेऱ्यांतच उचलले जात होते. त्याचा हंगाम ६२ झेल आणि ८८५ यार्डांचा झाला. त्याच वर्षी ३४व्या क्रमांकावर निवडलेल्या लॅड मॅकॉन्कीने चार्जर्सकडून ८२ झेल आणि १,१४९ यार्ड केले, कारण कीनन ॲलन आणि माइक विल्यम्स गेल्याने तिथली जागा मोकळी होती, आणि फँटसी ड्राफ्टमध्ये तो कितीतरी उशिरा मिळत होता. हॅरिसन वाईट खेळला असे तुम्ही म्हटले नाहीत. त्याच्या किमतीत चढता अंदाज आधीच धरलेला होता, त्यामुळे घेणाऱ्याच्या हाती काही उरत नव्हते, एवढेच तुमचे म्हणणे होते, आणि ते मला पूर्ण पटते. याच ओघात तुम्ही सीहॉक्सचा जुना रिसीव्हर स्टीव्ह लार्जंट याच्याविषयी बोललात. ऐंशीच्या दशकात सिएटलच्या तेव्हाच्या किंगडोम स्टेडियममध्ये तुम्ही त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिले आहे. ह्यूस्टनने १९७६मध्ये चौथ्या फेरीत निवडून नंतर आठव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला सिएटलला देऊन टाकले, आणि तो १०० टचडाउन झेलून निवृत्त झाला. त्याच्याविषयी बोलताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहून या सगळ्या आकडेमोडीच्या मुळाशी खेळाचे निखळ प्रेम आहे याची खात्री पटली.

अखेरीस तुम्ही स्पष्ट सल्ला दिलात. आमच्या लीगमध्ये तो तिसऱ्या फेरीत जाईल असे दिसत होते. त्या किमतीला उतरता अंदाज सोसण्यासारखा आहे आणि मधला अंदाज फायद्याचा आहे, म्हणून दुसऱ्या फेरीच्या शेवटी घेऊन टाक, तिसरीची वाट पाहू नकोस, असे तुम्ही म्हणालात. मी तसेच केले. २०२५च्या हंगामात त्याने ११९ झेल, १,७९३ यार्ड आणि १० टचडाउन अशी कामगिरी केली आणि झेलांच्या यार्डांत तो संपूर्ण एनएफएलमध्ये पहिला आला. केवळ झेलण्याचेच गुण ३५८ झाले.

हे आकडे तुमच्या वहीशी ताडून पाहण्यात मला फार समाधान मिळाले. चढत्या अंदाजात तुम्ही १२० झेल लिहिले होते आणि प्रत्यक्षात ११९ झाले. यार्ड मात्र अंदाजाच्या फार पुढे गेले, कारण २०२४मध्ये त्याच्या एका झेलामागे ११.३ यार्ड पडत होते, ते १५ वर गेले. तो कडेला खेळू लागला, धावण्याचा बहाणा करून डार्नॉल्ड त्याला लांबचे चेंडू देऊ लागला, आणि ज्या रचनेमुळे त्याचे नुकसान होईल अशी भीती होती तिनेच त्याला लांब पल्ल्याचा रिसीव्हर बनवले. वहीतल्या शेवटच्या रकान्यात तुम्ही ‘कडेला गेल्यास यार्ड वाढतील’ असे लिहून पुढची जागा कोरी ठेवली होतीत. आकडा बसवण्याइतका पुरावा नसताना तो न बसवणे, ही तुमची शिस्त मला त्या कोऱ्या रकान्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

काकू, एका ऑफिसच्या लीगसाठी इतका वेळ आणि इतके मन लावून कोणी शिकवेल अशी मी अपेक्षा केली नव्हती. माझ्या सहकाऱ्यांशी या देशाच्या खेळाविषयी बरोबरीने बोलता येणे हे माझ्यासाठी फार मोठे आहे, आणि ते तुमच्यामुळे घडले. आता स्मिथ-एन्जिग्बाचे नाव पहिल्याच फेरीत पुकारले जाणार हे उघड आहे, म्हणजे गेल्या वर्षी जो चढता अंदाज आपल्याला फुकट मिळाला तोच यंदा किमतीत धरलेला असेल. म्हणून मी प्रत्येक संघातून गेलेल्या रिसीव्हरांची आणि त्यांच्या टार्गेटची यादी करायला घेतली आहे. ती पुरी झाली की घेऊन येतो. उभ्या रेघा या वेळी मी मारीन, प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचे आहेत.

काकांना माझा नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
तुमच्या शेजारचा विद्यार्थी