घरबसल्या कामाचाही भाव छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नोकरी न करता, घर सांभाळून चार पैसे जास्तीचे कसे मिळवावेत, याबद्दलचा मजकूर आपल्या पुरवणीत अधूनमधून येतो. शिकवण्या घ्या, डबे द्या, शिवणकाम करा, मोबाइलवर काम शोधा. सल्ला चांगलाच असतो आणि आमच्या गटातल्या बायका तो मोठ्याने वाचून एकमेकींना ऐकवतात. पण वाचून झाल्यावर पहिला प्रश्न हमखास एकच येतो: 'पण देतात किती?' याचं उत्तर आजवर कुठल्याच लेखात सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

मी निलंगा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या वह्या सांभाळते. कुणाच्या घरात कुठून किती पैसा आला, हे त्यामुळे कानावर येतं. आमच्या भागात उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं घरबसल्या काम म्हणजे चिंच फोडणं. तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि त्याची बातमी आपणही छापली असेल. त्या चिंचेमागचं काम मात्र छापून येत नाही. व्यापारी झाडं गुत्त्याने, म्हणजे ठोक ठेक्याने घेतात, माणसं लावून झोडपतात आणि पोती घरोघर टाकून जातात. मग अंगणात, ओसरीवर, कडुलिंबाच्या सावलीला बाया फोडायला बसतात. आधी टरफल काढायचं, मग शिरा ओढायच्या, मग एकेक चिंचोका बाहेर. ऊन कडक असलं की टरफल चट्कन सुटतं. आभाळ आलं की चिंच चिकटते आणि तेवढ्याच वजनाला दुप्पट वेळ जातो. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, त्यात आंबट रस उतरला की रात्री भाकरी थापताना चटके बसतात. काम सोयीचं खरंच आहे. स्वयंपाक आटोपून बसता येतं, पोरगं रडलं की उठता येतं, पाहुणा आला तर पोतं बाजूला सारता येतं. आणि नेमक्या याच सोयीच्या नावाखाली मजुरी पाडली जाते. 'बसल्या बसल्या तर करताय,' असं तोंडावर बोललं जातं.

हिशेबासाठी सोपे आकडे धरते. समजा किलोमागे 10 रुपये मजुरी आहे आणि उठत-बसत आठ तासांत 12 किलो चिंच फोडून होते. हातात आले 120 रुपये, म्हणजे तासाला 15. त्यातून वजन करताना कडता, म्हणजे घट धरून थोडं वजन, कापला जातो, चिंचोके व्यापारी घेऊन जातो आणि त्याचा पैसा वेगळा मिळत नाही. चिंचोक्याच्या पिठाची खळ कापडधंद्यात लागते, त्याला गिऱ्हाईक आहे, हे फोडणाऱ्या कितीजणींना माहीत असतं? आता दुसरा आकडा बघा. 2025-26 मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीचा रोज 312 रुपये ठरला होता. तो मिळायला उशीर होतो, काम निघत नाही, हे सगळं खरं. पण तो जाहीर असतो. ग्रामपंचायतीत गेलेली अडाणी बाईसुद्धा म्हणू शकते की, माझा रोज एवढा आहे, कमी का लावला? चिंच फोडणारीला असं म्हणायला आधारच नाही. शेजारच्या गावात किलोला दोन रुपये जास्त मिळतात, हे तिला कळतं ते लग्नकार्यात कुणी पाहुणी भेटली तर. तोवर हंगाम उलटलेला असतो.

आपल्या दैनिकात रोज मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, भाव येतात. सोयाबीन, तूर, हरभरा, करडई. हमीभाव किती, आवक किती, कमाल-किमान दर किती, सगळं. शेतकरी सकाळी ते पाहूनच ठरवतो की माल आज काढायचा की थांबायचं. माझी मागणी एवढीच आहे की, त्याच रकान्याखाली घरबसल्या केल्या जाणाऱ्या कामांचे दर छापावेत. चिंच फोडण्याची किलोची मजुरी निलंग्यात किती, औशात किती, धाराशिवकडे किती. ब्लाउजची शिलाई तालुक्याच्या गावी किती आणि लातुरात किती. पिको-फॉल, गोधडी शिवणं, शेवया, पापड लाटून देणं, शाळेचे गणवेश कापून शिवून देण्याचा नगामागचा दर. हे आकडे कुठल्याच सरकारी तक्त्यात नसतात. वेतन संहिता, म्हणजे मजुरीचा नवा कायदा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि किमान वेतन तासावर तसं नगावरही ठरवता येतं, असं तिच्यात लिहिलेलं आहे. पण अंगणात बसून चिंच फोडणारीचा मालक कोण? पोतं टाकून जाणारा म्हणतो, मी फक्त टेम्पोवाला. त्याच्यामागे गुत्तेदार, त्याच्यामागे आडत्या. कायदा कुणाच्या दारात घेऊन जायचा, हेच कळत नाही. निदान आकडा तरी सगळ्यांसमोर येऊ द्या.

भाव उघड झाला की काय फरक पडतो, हे मराठवाड्याने रेशमात पाहिलं आहे. पूर्वी आपल्याकडचे शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. 2018 मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली. आता समोर लिलाव होतो आणि त्या दिवशीचा दर संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून गावोगाव पोचतो. जाता जाता एक सांगते. रेशीम उद्योगाला कुणी फावल्या वेळेचा जोडधंदा म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. शेवटच्या अवस्थेत अळी दिवसरात्र खाते, तेव्हा तुतीचा पाला तोडणारं घरातलं प्रत्येक माणूस कामाला लागतं. पैसा चांगला आहे, पण आपल्या सोयीने उठायची-बसायची मुभा त्यात नाही. ज्यांच्याकडे पाणी आणि मनुष्यबळ दोन्ही आहे, त्यांनी जरूर करावं. उस्मानाबादी शेळीचंही तसंच. बहुतेक वेळा जुळी करडं देते, दुष्काळात तग धरते, पण तिला रोज चारायला नेणारं माणूस लागतं.

दुसरं मोठं काम लातूर शहरातलं. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी मराठवाडाभरातून मुलं येतात आणि त्यांच्या जेवणावर कितीतरी घरं चालतात. निलंग्याहून, अहमदपूरहून मुलाबरोबर खोली करून राहिलेल्या आयासुद्धा शेजारच्या चार मुलांचे डबे करून खोलीभाडं काढतात. यात बाई स्वतः दर ठरवू शकते, म्हणून मला हे काम आवडतं. तरी हिशेब चुकतोच. ज्वारी, डाळ, तेल, गॅस एवढं धरून डब्याची किंमत काढली जाते आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतचे स्वतःचे हात त्यात धरलेच जात नाहीत. मे महिन्यात परीक्षा झाली की मुलं गावी जातात, नवी तुकडी स्थिरावेपर्यंत चूल थंड असते. म्हणजे दहा महिन्यांच्या कमाईत बारा महिने भागवायचे. हे सुरुवातीलाच धरून दर लावला पाहिजे आणि महिन्याचे पैसे आगाऊ घेतले पाहिजेत. अन्न विभागाच्या नोंदणीला बाया फार घाबरतात. लहान कामासाठीचं तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये आहे, ती करून घ्यावी. घरगुती सिलिंडरवर डब्यांचा धंदा करू नये, त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि तो खर्चही दरात धरावा.

मोबाइलवरच्या कामांबद्दल मात्र आपण जास्त सावध लिहायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. पेन्सिल पॅकिंगसाठी आधी नोंदणीचे पैसे भरा, व्हिडिओला लाइक करा आणि कमवा, डेटा एंट्रीचा करार करा. या तिन्ही प्रकारांत आमच्या भागातली माणसं फसली आहेत. लाइकच्या कामात सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, म्हणून विश्वास बसतो. मग मोठं काम मिळवायचं तर एवढे भरा, अडकलेले पैसे सोडवायचे तर आणखी भरा. डेटा एंट्रीत चुका दाखवून दंडाची मागणी येते आणि वकिलाची म्हणून नोटीस धाडली जाते. घाबरून दागिना मोडलेली बाई मला माहीत आहे. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नाही, एवढं आपण ठळक अक्षरांत छापा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, जितका उशीर तितके ते हाती लागणं कठीण. आणि कॉलेजच्या पोरांना कुणीतरी सांगा की, कमिशनवर आपलं बँक खातं दुसऱ्याला वापरायला देणं ही कमाई नव्हे. त्या खात्यावरून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्याच दारात येतात.

आमच्या गटाचा पुढच्या हंगामाचा विचार वेगळा आहे. मजुरीने फोडण्याऐवजी दोन-तीन झाडं गटानेच घ्यायची, फोडायची आणि स्वच्छ करून लातूरच्या मोंढ्यात किंवा बार्शीला विकायची. झाडाचा पैसा आधी मोजावा लागतो, अडचण तिथेच आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या बचत गटाच्या सदस्याला 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं. ती योजना अजून चालू आहे का, हे विचारून अर्ज करायचं ठरलं आहे. चिंच ठेवून ठेवून काळी पडते आणि भाव उतरतो, त्यामुळे कधी विकायची हेही कळायला हवं. त्यासाठीही पुन्हा भाव हाताशी असणंच आलं.

दर गोळा करायला आपल्याकडे माणूस नसेल, तर तीही अडचण राहू नये. आजूबाजूच्या गावांतल्या गटांच्या वह्या लिहिणाऱ्या आम्ही बाया महिन्याच्या बैठकीला एकत्र येतोच. हंगामात दर शनिवारी आमच्या भागातले दर गावाच्या नावासह आपल्या तालुका वार्ताहराकडे द्यायला आम्ही तयार आहोत. व्यापाऱ्याचं किंवा मजूर बाईचं नाव त्यात राहणार नाही, फक्त काम, गाव आणि दर. रविवारच्या अंकात मोंढ्याच्या भावाखाली चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती.

आपली वाचक,
एका बचत गटाची सदस्य
ता. निलंगा, जि. लातूर