जुनी वृत्तपत्रे व मासिके : संयुक्त खरेदीसाठी याद्यांची आठवण

सर्व सभासद वाचनालयांना सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे असलेल्या आणि नसलेल्या जुन्या अंकांची यादी अजून बऱ्याच वाचनालयांकडून यायची आहे. कृपया गणपतीच्या आधी पाठवावी. नुसते ‘जुनी मासिके, दोन गठ्ठे’ असे लिहू नका. वर्ष, अंक, महिना आणि कुठली पाने फाटली आहेत, एवढे हवेच. त्याशिवाय कोणाकडे काय आहे ते कळत नाही आणि एकच अंक दोघेजण विकत घेतात.

खर्च वाटून घ्यायचा, मूळ अंक कोरडी खोली असलेल्या वाचनालयात ठेवायचा आणि स्कॅन प्रत सर्वांना द्यायची, असे ठरले आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांच्या मुलखातल्या अभ्यासकाला जुना अंक पाहायला दरवेळी मुंबई-पुणे गाठावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

हाती असलेले आधी जपा. मागच्या पावसाळ्यानंतर मी एक गठ्ठा सोडला, तर खालचे अंक वडीसारखे चिकटलेले. सुटे करताना मथळाच बोटाला आला. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, त्यात आपली दमट हवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. गठ्ठे भिंतीपासून दूर, आडवे ठेवा. कसर दिसली तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा.

आणि रद्दीत काही देण्यापूर्वी एक फोन करा.

आपला,
समन्वयक