भंगारात काढण्याआधी तो फोन एकदा उचलून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पुतण्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. तो शहरातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेत नोकरीला आहे. फोटोत जिन्याखाली करड्या फोनांचा ढीग, वायरी गुंडाळून ठेवलेल्या, आणि खाली त्याची ओळ : 'काका, तुमची पोरं निघाली की ओ भंगारात.' त्यातले निम्मेअधिक फोन मीच भिंतीला लावलेले. संस्थेचे नाव घेत नाही, कारण आज तिथे झाले ते उद्या दुसरीकडे होणार. विद्यापीठ असो, इंजिनिअरिंग कॉलेज असो, आवारातल्या लँडलाइन फोनचे पुढे काय करायचे हा विषय आता सगळ्यांच्या बैठकीत आहे. आणि बैठकीतले वाक्य ठरलेले : प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग हे कशाला?

मी १९८६ ला दूरसंचार खात्यात लाइनमन म्हणून लागलो. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची बीएसएनएल ही कंपनी झाली आणि ३१ जानेवारी २०२० ला देशभरातल्या सुमारे ७८ हजार जणांबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलो. त्यानंतर दोन वर्षे एका संस्थेच्या एक्स्चेंजची, म्हणजे आवारातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनीला जोडणाऱ्या यंत्राची, देखभाल पाहिली. तेव्हा मी तांब्याच्या वायरीच्या प्रेमापोटी लिहितोय असे कुणाला वाटले तर ते थोडे खरे आहे. पण थोडेच.

खिशातल्या मोबाइलचा अनुभव आधी सांगतो. त्या संस्थेत एक्स्चेंजच्या खोलीबाहेर कुणीतरी हौसेने ऑइलपेंटने लिहून ठेवले : 'फोनची तक्रार असल्यास', आणि पुढे माझा मोबाइल नंबर. मी काम सोडले, नंबर भिंतीवर राहिला. त्याचा कुणी फोटो काढला, तो कुठल्याशा ग्रुपवर फिरला, आणि फिरता फिरता माझा नंबर 'ऑफिस'चा झाला. प्रवेशाच्या दिवसांत सांगोल्याच्या एका बापाचा फोन आला. "मालक, ऑफिसच ना ओ? पोरीचा फॉर्म राहिलाय, उद्या चालंल का?" मी घरी शेंगा निवडत बसलो होतो. ऑफिसचा खरा नंबर शोधून दिला, तर तो बंद. तिथल्या क्लार्कचा मोबाइल मिळवून दिला, तर त्याची बदली दुसऱ्या विभागात झालेली. त्या माणसाने शेवटी एसटी धरली. पुढे काय झाले, मला कळले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की नंबर खुर्चीला असावा. परीक्षा विभागाचा नंबर परीक्षा विभागाचाच, मग खुर्चीवर कोणीही बसो. मोबाइल माणसाबरोबर निवृत्त होतो, बदलून जातो, रजेवर जातो. संस्थेने सिम दिले तरी ते कुठल्या तरी खिशातच राहते. आणि रात्री साडेदहाला मार्कशीट विचारणारे फोन उचलणाऱ्या क्लार्कबाईंचाही विचार करा. त्या नंबर देत नाहीत म्हणून लोक चिडतात, पण का द्यावा त्यांनी?

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हे अधिक जाणवायला हवे. २००४ पर्यंत आपली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. निकालाच्या दिवसांत एसटीडी बूथवर ०२३१ फिरवत उभी राहिलेली पोरे मी पाहिली आहेत. मीटरच्या लाल आकड्यांकडे एक डोळा ठेवून बोलायची. १ ऑगस्ट २००४ ला जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले, काम ०२१७ वर आले. तरी करमाळ्याच्या पोराला विद्यापीठाचे केगाव म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतोच. त्याचा तो दिवस एका फोनने वाचू शकतो, पण पलीकडे उचलणारे कोणी असेल तर.

आता यंत्राचे. जुन्या फोनला प्लग नसतो हे नव्या पिढीला सांगितले की खरे वाटत नाही. एक्स्चेंजमध्ये २ व्होल्टचे २४ सेल, असे ४८ व्होल्ट, त्याच दोन तारांतून फोनपर्यंत जातात. इमारतीची वीज गेली तरी फोन बोलतो. नवा आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारा, नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या स्विच नावाच्या पेटीवर जगतो, आणि तो स्विच त्या-त्या इमारतीच्या विजेवर. म्हणजे एका बॅटरीच्या खोलीऐवजी इमारत तितके यूपीएस. तो यूपीएस ठेवतात कुठे? जिन्याखालच्या कपाटात, पंखा नाही, खिडकी नाही. या सीलबंद बॅटऱ्या २५ अंशांसाठी बनवलेल्या असतात आणि त्यापुढे दर दहा अंशांना त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असते. कपाटात किती, ते कपाट उघडणाऱ्यालाच माहीत. खरेदीच्या कागदात फोनची किंमत असते, दर दोन वर्षांनी बदलायच्या बॅटऱ्यांची नसते. मग एखाद्या रात्री वळवाच्या पावसात लाइट जाते, यूपीएस दहा मिनिटे टिटि करतो आणि गप्प बसतो.

पण तांब्याची बाजू घेऊन खोटे बोलणार नाही. इमारती-इमारतींमधली केबल ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी डोकेदुखी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, केबल ताणते, जॉइंट सैल करते. पहिल्या पावसात तिथेच पाणी शिरते. आत जेली भरलेली केबल आली तेव्हा पाणी कमी झाले, जेसीबी आला तेव्हा केबलच राहिली नाही. आणि वीज पडली की एका फटक्यात एक्स्चेंजमधली लाइन कार्डे जळून जायची, जळक्या प्लॅस्टिकचा वास दोन दिवस खोलीत. फायबरमधून, म्हणजे काचेच्या तंतूंच्या केबलमधून, वीज धावत नाही. तेवढ्यासाठी तरी इमारतींमध्ये फायबर टाकाच, पाइपात टाका आणि शेजारी एक रिकामा पाइप सोडा. पुन्हा खोदायला लागत नाही.

इमारतीच्या आतली तांब्याच्या तारांची जुनी जोडी मात्र उपटू नका. गेटवे नावाची छोटी पेटी मिळते. तिला एका बाजूने फायबरचे नेटवर्क, दुसऱ्या बाजूने जुने साधे फोन. वसतिगृहाचा व्हरांडा, मुख्य गेट, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, लिफ्ट, पंपघर, आजारी खोली एवढ्या ठिकाणी भिंतीवरचा फोन राहू द्या आणि त्या पेटीला चांगली बॅटरी द्या. कार्यालयात खुशाल आयपी फोन घ्या. साहेबलोकांना एक्स्टेंशन, म्हणजे आपला आतला नंबर, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये हवे असेल तर तेही होते. पलीकडच्याला ऑफिसचाच नंबर दिसतो आणि ड्युटी संपली की अ‍ॅप बंद करता येते. क्लार्कबाईंचा प्रश्नही यातच सुटतो.

भिंतीवरचा फोन जागा सांगतो. घाबरलेली मुलगी 'मी कुठे आहे' हे सांगेलच असे नाही. सुरक्षा खोलीतल्या पडद्यावर एक्स्टेंशन दिसले की गार्ड धावत सुटतो. पण इथे एक खोच आहे. बहुतेक एक्स्चेंजमध्ये बाहेरची लाइन घ्यायला आधी ० दाबावे लागते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायलाही आधी ० लागतो. म्हणजे एक शून्य एक्स्चेंजचे, एक सरकारचे. शहाणीसुरती माणसे त्यात अडकतात. मग ११२ या आपत्कालीन नंबरचे काय? अमेरिकेत टेक्सासमधल्या एका हॉटेलात २०१३ साली नऊ वर्षांची मुलगी आईचा जीव वाचवायला ९११ फिरवत राहिली. चार वेळा. बाहेरच्या लाइनीसाठी आधी ९ दाबायचे असते हे तिला ठाऊक नव्हते. आई गेली, आणि पुढे तिथे कायदा झाला की कुठल्याही नव्या एक्स्चेंजवरून आपत्कालीन नंबर थेट लागलाच पाहिजे. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायची गरज नाही, मेकॅनिकला सांगितले तर दहा मिनिटांचे प्रोग्रॅमिंग आहे. ११२ दाबा नाहीतर ०११२, दोन्ही गेले पाहिजेत. ज्या प्राचार्यांनी हे वाचले असेल त्यांनी आजच आपल्या मेकॅनिकला विचारावे. उत्तर द्यायला तो थोडा थांबला तर काय ते समजून जा.

आणखी एक, बैठकीत कुणी बोलत नाही म्हणून. लँडलाइनला मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी नाही. कंपनी बदलली की नंबर जातो. तो नंबर हॉलतिकिटांवर, जुन्या पत्रांच्या शिरोभागी, झेरॉक्सवाल्यांच्या भिंतींवर छापलेला असतो. स्वस्त पॅकेज पाहून सही करण्याआधी जुना नंबर निदान वर्षभर चालू ठेवा आणि त्यावर नवा नंबर मराठीत ऐकवा. शेवटचे आकडे सावकाश. लिहून घेणाऱ्याला पेन शोधायचे असते.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या गर्दीत मोबाइलला फुल रेंज दाखवते आणि फोन लागत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. निकालाच्या दिवशीही आवारात तेच होते. त्या दिवशी जिन्याखालचा ढीग आठवेल.

पुतण्याला म्हटले आहे, निदान वसतिगृहाचे दोन फोन बाजूला काढून ठेव, मी फुकट येऊन लावून देतो. तेवढ्यात दुसऱ्या संस्थेतल्या त्या भिंतीवरचा माझा नंबरही कुणीतरी पुसावा. ऑइलपेंट आहे, टर्पेंटाइन लागेल.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक
जुळे सोलापूर
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे. मोबाइल नंबर कृपया छापू नये.)