मुठीखाली गंजलेली सुरी आणि चुकीचे निगा-कार्ड यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या न मुडपणाऱ्या सुरीला गंज चढल्याची आमची तक्रार ‘डाळिंबाच्या बागेत औषधांशी संपर्क आला’ एवढे लिहून आपण फेटाळलीत. गंज कुठे आहे हे न बघताच दिलेले हे उत्तर आहे.

बागेत सुरीला लागते ते मुख्यतः बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बुरशीनाशक. त्यात मोकळे तांबे उरले तर लोखंडावर तांबूस लेप चढतो. मिश्रण जमले की नाही हे पाहायला शेतकरी घासलेले पातेच त्यात बुडवतात आणि लेप दिसला तर चुन्याची निवळी वाढवतात. म्हणजे औषधाने काही झाले असते तर ते उघड्या पात्यावर दिसायला हवे होते. तिथे आहे फक्त डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिनचा निळसर काळा डाग, जो पात्याला बाधत नाही. गंज आहे तो लाकडी मुठीखाली आणि म्यानाचे कातडे टेकते त्या पट्ट्यात.

मुठीचे रिव्हेट काढले तर आतले पोलाद उघडेच. ग्राइंडरचे ओरखडे तसेच, फट बंद करणाऱ्या एपॉक्सी गोंदाचा मागमूस नाही. (रिव्हेट काढण्याआधीचे फोटो जोडले आहेत, म्हणजे वॉरंटीचा मुद्दा नको.) अशा फटीत पाणी आपोआप ओढले जाते आणि वाळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून लाकूड एका बाजूने उचलले गेले. हे बागेत घडत नाही, कारखान्यात घडते.

आता आपले कार्ड: ‘वापरानंतर खाद्यतेल लावून म्यानात ठेवा.’ दोन्ही सल्ले चुकीचे. सोलापूरकडे हाताशी असते करडईचे तेल. ते हवेत सुकून चिकट होते आणि धूळ धरते. शिलाई मशीनचे पातळ तेल दोन-तीन थेंब, फडक्याने पुसून, पुरते. म्यान फक्त नेण्या-आणण्यासाठी. कातडे तेल शोषते, ओल धरते आणि कमावतानाचे क्षार त्यात असू शकतात. सप्टेंबरच्या पावसात तर सुरी धुऊन, पूर्ण कोरडी करून, तेल लावून म्यानाबाहेरच ठेवायला हवी.

शिवाय खोक्यावर ‘स्टेनलेस’ आणि बिलावर पोलादाचा प्रकार १०९५. या पोलादात कार्बन साधारण ०.९५ टक्के, क्रोमियम मुद्दाम घातलेलेच नसते. स्टेनलेसला ते किमान १०.५ टक्के लागते. १०९५ला नावे ठेवत नाही, धार लावायला ते सोपे. पण खोक्यावर खरे लिहा.

तरी मूठ एपॉक्सीने बंद केलेली सुरी बदलून द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी, आणि कार्ड व खोका दुरुस्त करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करू. काढलेली मूठ, म्यान आणि खोका जपून ठेवले आहेत.

आपला ग्राहक,
सोलापूर

सोबत: बिलाची प्रत, निगा-कार्ड, फोटो